लोअर सिक्सचं निळं ब्लँकेट

ओझेल टॉलिव्हर यांनी पांढरा हातमोजा चढवला की त्या घरातलं बाप-लेकीचं नातं तेवढ्यापुरतं रजेवर जायचं. मोजा चर्चचा होता. वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीही ते दर रविवारी चर्चच्या दारात उभे राहून लोकांना बाकांवर नेऊन बसवत. त्या कामाचे मोजे घरी येऊन काढून ठेवायच्या आत त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीने रेल्वेचा डबा आणून ठेवलेला असे. हातभराहून दोन बोटं लांब, खऱ्याच्या बरोबर अठ्ठेचाळीसावा हिस्सा. ओझेल खुर्ची ओढून बसत, एक बोट छपरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आणि मग ते बोट डोळ्यांसमोर धरून धूळ शोधत.

"मिस टॉलिव्हर," ते विचारत, "हा डबा कुणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या, सर," व्हर्लीन म्हणायची. बाई सहासष्ट वर्षांची, पण मोजा दिसला की पाठ आपोआप ताठ व्हायची.

चाळीस वर्षं ओझेल आलिशान झोपण्याच्या डब्यांवर पोर्टर होते. पोर्टर म्हणजे फलाटावरचा हमाल नव्हे. शिकागोहून न्यू ऑर्लिन्सला निघालेला अख्खा डबा, त्यातली पंचवीस-तीस गोरी माणसं, त्यांच्या उशा, त्यांचे बूट, त्यांची रडकी पोरं आणि त्यांच्या लपवलेल्या बाटल्या, हे सगळं ज्याच्या हवाली तो पोर्टर. डबा यार्डातून निघायच्या आधी कंपनीचा इन्स्पेक्टर असाच पांढरा मोजा घालून यायचा. सगळं मनासारखं असलं तर दोनच शब्द बोलायचा: "सोडा गाडी." नसलं तर बरेच बोलायचा. ओझेलना निवृत्त होऊन तीस वर्षं झाली होती, आणि आता इन्स्पेक्टरची जागा रिकामी पाहून त्यांनी ती स्वतःच भरली होती.

व्हर्लीनचं आयुष्य दात करण्यात गेलं. एकोणऐंशीव्या रस्त्यावरच्या दंत-प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं तिने कवळ्या बनवल्या. शिकागोच्या साउथ साइडमधली निम्मी म्हातारी माणसं तिने केलेल्या दातांनी हसत होती, आणि तिच्याच दातांनी तिच्या स्वयंपाकाला नावंही ठेवत होती. निवृत्त झाल्यावर हाताला काम हवं म्हणून तिने तळघरात डबे करायला घेतले. दात घासायची बारीक चक्रं, मेण कोरायच्या सळ्या, चिमटे, सगळं सामान घरात होतंच. अकरा वर्षांत पाच डबे झाले. पाचांपैकी एकालाही "सोडा गाडी" मिळालं नव्हतं.

पहिल्या डब्यात उशा चुकीच्या टोकाला होत्या. उशी नेहमी इंजिनाच्या बाजूला, असं ओझेलनी तिला सुनावलं. पाय पुढे करून फक्त मढं प्रवास करतं. दुसऱ्या डब्यातली थुंकदाणी आतून चकचकीत होती, आणि वापरातली थुंकदाणी आतून चकचकीत ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय असा शेरा मिळाला. तिसऱ्यात अर्ध्या डब्यात दिवसाच्या बैठका आणि अर्ध्यात रात्रीचे बिछाने दाखवले होते, म्हणजे पाहणाऱ्याला दोन्ही दिसावं. ते पाहून ओझेलनी शांतपणे विचारलं होतं की मिस टॉलिव्हर, ही माणसं भर दुपारी झोपलीत का ती दुसरी मध्यरात्री पेपर वाचतायत? चौथ्या आणि पाचव्याचं न बोललेलंच बरं.

आता हा सहावा. नाव 'ग्लेन ऑर्चर्ड'. त्या काळी अशा प्रत्येक डब्याला आपापलं नाव असायचं, सोनेरी अक्षरात, आणि 'ग्लेन ऑर्चर्ड' हा ओझेलनी सलग नऊ वर्षं सांभाळलेला डबा होता. व्हर्लीनने त्याला दोन वर्षं दिली होती. हिरव्या मखमली बैठका, दोन्ही बाजूंना मिळून बारा खण, रात्री प्रत्येक खणात एक खालचा बर्थ आणि एक वरचा. पडदे तिने दिवंगत मामाच्या रेशमी टायचे केले होते. उशा कवळीच्या प्लास्टरच्या. एका टोकाला पुरुषांची स्मोकिंग रूम, तिथे चामड्याचा सोफा, आरसा, आणि आतून डागाळलेली थुंकदाणी. बाहेर प्रत्येक खालच्या बर्थपाशी बुटांचा जोड ठेवलेला, मेणात कोरलेला, गव्हाच्या दाण्याएवढा. पोर्टर लोक रात्री पॉलिशसाठी बूट गोळा करत तेव्हा अदलाबदल होऊ नये म्हणून तळव्यावर खडूने बर्थचा आकडा घालत. व्हर्लीनने बाराही जोडांच्या तळव्यांना एका केसाच्या कुंचल्याने आकडे घातले होते. ते कुणाला दिसणार होते? कुणालाच नाही. म्हणूनच घातले होते.

येत्या शनिवारी अशा छोट्या रेल्वेगाड्या करणाऱ्यांच्या क्लबाचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि त्यात सर्वोत्तम प्रवासी डब्याला चषक होता. तीन वर्षं लागोपाठ व्हर्लीन दुसरी आली होती. पण खरं सांगायचं तर तिचा जीव चषकात नव्हता. डॅडींची दृष्टी मोतीबिंदूने अंधूक होत चालली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते या वयात डोळ्यांना हात लावायला नको. पुढच्या वर्षी त्यांना अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याचं काही दिसेल याची खात्री नव्हती. जे दोन शब्द ऐकायचे ते आताच ऐकायला हवे होते.

तर त्या रविवारी ओझेल टेबलाशी बसले. धूळ सापडली नाही. छप्पर उचललं. भिंगातून त्यांनी एकेक उशी पाहिली, सगळ्या इंजिनाकडे. चिमट्याने एक बूट उलटा केला, आकडा वाचला आणि जागच्या जागी ठेवला. पाऊण तास झाला तरी मागच्या पाच डब्यांपैकी एकाचीही गत याच्या वाट्याला आली नव्हती. शेवटी त्यांनी दात कोरायची काडी घेऊन लोअर सिक्सचा पडदा सारला.

लोअर सिक्स म्हणजे सहाव्या खणातला खालचा बर्थ. हा बर्थ टॉलिव्हरांच्या घरचा जुना ओळखीचा. डब्याच्या बरोबर मधला, चाकांपासून लांब, धक्का सगळ्यात कमी, म्हणून तो नेहमी कुणातरी बड्या धेंडाला मिळायचा, आणि बडी धेंडं झोपेच्या बाबतीत फार नाजूक. चाळीस वर्षं ओझेल त्या बर्थवरून पाय न वाजवता गेले. ती सवय घरी आली. व्हर्लीन आणि तिचा भाऊ लहानपणी दंगा करायला लागले की ते ओठांवर बोट ठेवून म्हणत, "हळू. लोअर सिक्स झोपलाय." पाच वर्षांची होईपर्यंत व्हर्लीनला वाटायचं की आपल्याच घरात कुठेतरी लोअर सिक्स नावाचा एक चिडका गोरा माणूस राहतो.

"इथे कोण झोपलंय?" ओझेलनी विचारलं.

"प्रवासी, सर. फिरता विक्रेता. रेघांचा पायजमा आहे."

"अंगावर काय घेतलंय त्याने?"

"ब्लँकेट."

"रंग?"

"निळा, सर. बाकी सगळी तपकिरी आहेत, ती हिरव्या पडद्यांत हरवून जातात. एक तरी नजरेत भरावं म्हणून." कवळी नीट बसली का ते पाहायला दातांखाली चावायला देतात तो निळा कागद तिने वापरला होता. अजून तिची दोन बोटं निळी होती.

ओझेलनी मोजा काढला. तपासणी अर्धवट असताना मोजा काढलेला व्हर्लीनने कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा काढला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत हसत होता. व्हर्लीनने पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि काय झालं ते कळेना म्हणून आपणही थोडंसं हसून घेतलं.

"चाळीस वर्षं," धाप आवरून ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून जपलं, की चुकून असं होऊ नये. आणि माझ्या पोरीने बड्या साहेबाला माझं ब्लँकेट पांघरलं."

मग त्यांनी सांगितलं. डब्यात ब्लँकेटं दोन रंगांची असत. प्रवाशांची तपकिरी. पोर्टरची दोन, निळी. निळी वेगळी ठेवायची, वेगळी धुवायची, आणि प्रवाशाला थंडीने हुडहुडी भरली, ब्लँकेटं कमी पडली, तरी निळं त्याच्या अंगावर घालायचं नाही. काळ्या माणसाच्या अंगावरचं गोऱ्या माणसाच्या अंगावर जाता कामा नये, एवढीच त्यातली मेख. नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं. चूक झाली तर नोकरी गेली.

व्हर्लीन ऐकत राहिली. हा डबा करायला तिने तीन वाचनालयं पालथी घातली होती. छपरावरचे रिव्हेट मोजले होते, पडद्यांच्या कड्या मोजल्या होत्या, कंपनीच्या टॉवेलवरची निळी रेघ किती रुंद ते पत्र लिहून मागवलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. डॅडींना तिने आजवर हजार प्रश्न विचारले होते आणि त्यातला एक विचारायचा राहिला होता.

"डॅडी, मग तुम्ही झोपायचे कुठे?"

"स्मोकिंग रूममध्ये. सोफ्यावर. तीन तास मिळायचे," ओझेल म्हणाले. "म्हणजे कुणाला सिगार ओढायची लहर आली नाही तर."

एवढं बोलून त्यांनी जेवणानंतरचं गोड पीच कॉब्लर उरलंय का ते विचारलं. उरलं होतं. ते त्यांनी दोनदा मागून घेतलं, डब्याकडे पुन्हा पाहिलंही नाही, आणि ते दोन शब्द काही त्यांच्या तोंडून आले नाहीत.

सोमवारी सकाळी व्हर्लीन तळघरात उतरली ती चूक सुधारायला. काम तसं अर्ध्या तासाचं. विक्रेत्याला तपकिरी ब्लँकेट करून घातलं. मग तिने पोर्टरची मूर्ती घेतली. ती आधी दारात स्टूल घेऊन हसत उभी होती, जशी सगळ्यांच्या डब्यांत असते. ती बाजूला ठेवून तिने मेणात नवा पोर्टर कोरला, आडवा झोपलेला. उंची डॅडींची, सहा फूट दोन इंच, म्हणजे मापाने दीड इंचाहून एक केस जास्त. त्याला उचलून स्मोकिंग रूमच्या सोफ्यावर ठेवलं. तो मावला नाही.

तिने पुन्हा मापं काढली. मापं बरोबर होती. सोफा सव्वा इंचाचा आणि डॅडी दीड इंचाचे. एकतर डोकं भिंतीत जात होतं नाहीतर पाय थुंकदाणीत.

ती वर गेली. ओझेल बेसबॉलची मॅच बघत होते. तिने विचारलं, त्या सोफ्यावर तुम्ही मावायचे कसे? त्यांनी मॅचवरची नजर न काढता खुर्चीतच कुशीवर वळून दाखवलं. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, एक हात डोक्याखाली. खिशातला चाकू मिटतात तसं मिटायचं, म्हणाले. पहिली दोन वर्षं पाठ दुखते, मग पाठीला कळतं. त्यात तक्रार नव्हती. पावसात छत्री उघडायची, या चालीवर त्यांनी ते सांगितलं, आणि पुढच्या क्षणी टीव्हीवरच्या खेळाडूला आंधळा म्हणाले.

व्हर्लीन तळघरात परत आली आणि तिला राग आला. असा की चिमटा हातात धरवेना. कंपनी कधीच बंद पडली होती, इन्स्पेक्टर मातीत गेले होते, लोअर सिक्समधली बडी धेंडंही गेली असतील. रागवायचं कुणावर? समोर फक्त दीड इंचाचा माणूस होता आणि सव्वा इंचाचा सोफा. मग तिने विक्रेत्याला लोअर सिक्समधून उचललं आणि डब्याच्या छपरावर आडवा टाकून दिला, आणि तपकिरी ब्लँकेटही त्याच्या अंगावर फेकलं.

पुढचे चार दिवस तिने डॅडींना तळघराच्या दाराशीही फिरकू दिलं नाही. आपण काय करतोय ते तिला चांगलं माहीत होतं. डॅडींनी नियम पाळले होते ते भीतीने नव्हे, अभिमानाने. चाळीस वर्षांत एकही ठपका नाही, हे ते चर्चमध्ये नव्या माणसाला नावाच्या आधी सांगत. त्यांच्याच डब्यात त्यांच्याच हातून नियम मोडलेला दाखवायचा? त्यांना ती थट्टा वाटली तर? शुक्रवारी एकदा तिने सगळं उलटं फिरवायला चिमटा उचललाही. मग ठेवला.

प्रदर्शन पोलिश चर्चच्या सभागृहात होतं. पेरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, परातींचा आणि सॉसेजचा वास, रुळांवरून गोल गोल फिरणाऱ्या वीसेक गाड्या, आणि मंचावर ध्वनिक्षेपक घेऊन उभा असलेला एक गृहस्थ, ज्याला त्या ध्वनिक्षेपकाची काहीच गरज नव्हती. ओझेल चर्चच्या सुटात आले होते, मोजे खिशात. व्हर्लीनने त्यांना पेरोगीची बशी देऊन लांबच्या टेबलाशी बसवलं. परीक्षण होईपर्यंत ते तिथे राहिले तर बरं, असा तिचा हिशेब होता.

परीक्षक होते काझिमिर वोयतास. पोलाद कारखान्यातले जुने हत्यार-कारागीर, नाकावर माशी बसू न देणारे, आणि रिव्हेट मोजण्यात अख्ख्या इलिनॉयमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नऊ वर्षांपूर्वी व्हर्लीन पहिल्यांदा या सभागृहात आली तेव्हा तिला कामवाली समजून स्वयंपाकघराचा रस्ता दाखवणारे हेच. पाच मिनिटांनी तिच्या खोक्यातून डबा निघाला आणि त्यांची मान जी खाली गेली ती त्या संध्याकाळी वर आली नाही. माफी त्यांनी आपल्या पद्धतीने मागितली: त्या दिवसापासून त्यांनी तिच्या डब्यांच्या चुका इतरांइतक्याच निर्दयपणे काढायला सुरुवात केली.

'ग्लेन ऑर्चर्ड'चं छप्पर उचलून काझिमिर वाकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चूक सापडेना तसा त्यांचा चेहरा उतरत चालला. उशांची दिशा पाहून ते पोलिश भाषेत काहीतरी पुटपुटले. मग ते लोअर सिक्सपाशी आले आणि त्यांचे डोळे एकदम चमकले.

"निळं ब्लँकेट," ते म्हणाले. "प्रवाशाला निळं ब्लँकेट, मिस टॉलिव्हर? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पाच गुण गेले." नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स त्यांच्याकडे होती; ते झोपतानाही ती उशाशी घेत असतील. मग त्यांनी भिंग आणखी खाली नेलं. "थांबा. हा प्रवासी नाही."

"नाही," व्हर्लीन म्हणाली.

पांढऱ्या चादरीवर, इंजिनाकडच्या उशीवर डोकं ठेवून, पाय लांबलचक पसरून एक काळा माणूस झोपला होता. अंगावर निळं ब्लँकेट. खुंटीवर पोर्टरची टोपी टांगलेली.

काझिमिर सरळ उभे राहिले. आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज उतरवला. पोर्टर बर्थमध्ये झोपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणाले. माहीत आहे, व्हर्लीन म्हणाली. मग त्यांनी खिशातून स्वतःचा चिमटा काढून तिच्यापुढे धरला. अजून कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. बाकीचे डबे त्यांनी पाहिले होते, त्यांत दम नव्हता. हा माणूस उचलून सोफ्यावर ठेवायला एक मिनिट लागेल, आणि तेवढ्यात आपण पेरोगी आणायला जातो, म्हणाले.

काझिमिर वोयतास यांनी आयुष्यात कुणाला एवढी सवलत दिली नसेल. व्हर्लीनला ते कळलं आणि त्या चिडक्या माणसाबद्दल तिला माया वाटली.

"तो सोफ्यावर मावत नाही, मिस्टर वोयतास," ती म्हणाली. "मोजून बघा."

त्यांनी मोजलं. सोफ्याचं माप त्यांना पाठ होतं, माणूस डोळ्यांनी मोजला. मग त्यांनी चिमटा खिशात टाकला आणि कागदावर पाच गुण कापले, कारण नियम म्हणजे नियम.

"काय अडलंय इथे?"

काठी टेकत ओझेल येऊन उभे होते. बशी रिकामी झाली होती, त्यामुळे व्हर्लीनचा हिशेबही संपला होता. त्यांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, खिशातून मोजा काढला आणि सावकाश, एकेक बोट ओढून चढवला. मग काझिमिरपुढे हात केला. काझिमिरनी निमूटपणे आपलं भिंग त्या हातात ठेवलं. ते भिंग त्यांनी आजवर बायकोलाही दिलं नव्हतं.

ओझेल वाकले. मोतीबिंदूतून नीट दिसत नसावं, कारण भिंग पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मग ते स्थिर झालं आणि स्थिरच राहिलं.

"मिस टॉलिव्हर," न वळता ते म्हणाले. "पोर्टर झोपलाय. मग डब्यावर लक्ष कोण ठेवतंय?"

"स्मोकिंग रूम बघा, सर."

भिंग डब्याच्या टोकाला गेलं. तिथे सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला होता तो विक्रेता. रेघांचा पायजमा, मांडीवर तपकिरी ब्लँकेट, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात बूट, आणि पुढ्यात बुटांची रांग. काझिमिरच्या नाकातून आवाज निघाला आणि त्यांनी तो खोकला असल्याचं दाखवलं. ओझेल हसले नाहीत. ते बूट मोजत होते. बारा जोड असायला हवे होते. मोजून झाले आणि त्यांनी पुन्हा मोजले.

"तेरा," ते म्हणाले.

"तेरावा उलटा करून बघा."

काझिमिरनी चिमट्याने तो जोड उलटा धरला. इतरांपेक्षा मोठा जोड, तेरा नंबरचे बूट लागणाऱ्या माणसाचा. तळव्यावर खडूचा आकडा होता सहा. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे बूट चमकवले, त्याचे बूट कुणीतरी पॉलिशला घेतले होते.

ओझेलनी भिंग खाली ठेवलं. दात कोरायची काडी काढली, लोअर सिक्सचा पडदा हलकेच ओढून पुरता बंद केला आणि शेजारच्या खुर्चीत बसले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

तेवढ्यात मंचावरचा गृहस्थ निकाल सांगायला लागला. इंजिनं, मालडबे, मग प्रवासी डबे. चषक कुणा दुसऱ्यालाच गेला, व्हर्लीन टॉलिव्हर दोन गुणांनी पुन्हा दुसरी, आणि ही आनंदाची बातमी त्याने ध्वनिक्षेपक तोंडात घालून अशी दिली की टेबलावरचे डबे हादरले. 'ग्लेन ऑर्चर्ड'च्या पडद्यांच्या कड्या किणकिणल्या.

ओझेल उठून उभे राहिले. सहा फूट दोन इंच, वयाने दोन इंच कमी केलेले. त्यांनी पांढऱ्या मोज्याचा हात वर केला तसा मंचावरचा माणूस दचकून थांबला. फिरत्या गाड्या सोडल्या तर सभागृहात आवाज राहिला नाही.

"हळू," ओझेल ओठांवर बोट ठेवून म्हणाले. "लोअर सिक्स झोपलाय."

कुणाला काही कळलं नाही. पण त्या हातात असं काही होतं की मंचावरच्या माणसाने मान डोलावली आणि पुढची नावं कानगोष्टीइतक्या आवाजात सांगितली. काझिमिर वोयतास यांनी डोकं खाली घालून आपल्या भिंगाची काच पुसायला घेतली. व्हर्लीन रडत होती आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

ओझेल तिच्याकडे वळले. मोजा काढला, घडी घातली आणि तिच्या निळ्या बोटांत ठेवला.

"सोडा गाडी," ते म्हणाले. "पण सावकाश. धक्का बसता कामा नये."